मधोमध दोन बदाम

शॉमबर्ग, इलिनॉय
३ ऑक्टोबर १९८८

प्रिय नंदा,

आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक काम.

आधी हे सांगते की मी सध्या शाळेत जाते. हसू नकोस. तुझा राजीवदादा सकाळी ऑफिसला जातो तो अंधार पडल्यावर उगवतो. मधल्या वेळात मी, टीव्ही आणि खिडकीतून दिसणारं पार्किंग लॉट. शेवटी त्यानेच लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात माझं नाव घातलं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं आहे, पुस्तक वाचता येतं. पण दुकानातली मुलगी "पेपर ऑर प्लास्टिक?" असं विचारते, हे कळायला मला वर्ष लागलं.

वर्गात माझ्या शेजारी फिलोमेना नावाची बाई बसते. इटलीची, आब्रुत्सो नावाच्या डोंगराळ भागातली. पन्नास वर्षांपूर्वी इथे आली, पण इंग्रजी माझ्याहून कच्चं. घरात इटालियन, चर्चमध्ये इटालियन, खाटीकसुद्धा इटालियन. गरजच पडली नाही म्हणे. मग आताच कशी पडली असं विचारलं, तर लाजली. सत्तरीची बाई लाजली!

पहिल्या दिवशी ती आली आणि मी बघतच राहिले. गळ्यात बोरमाळ! अगदी आपली, पोकळ सोन्याच्या मण्यांची. मी उठून तिच्यापाशी गेले आणि मणी बोटांत धरून बघितले. तिने हात झटकला नाही. उलट माझ्या कुड्या बघायला वाकली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "लेडीज, इंग्लिश प्लीज." आम्ही दोघी तोवर एक शब्दही बोललो नव्हतो.

आता मी दुपारची तिच्या घरी जाते. तिच्या आईचे सगळे दागिने तिने मला दाखवले. शेतात राबणाऱ्या बायकांचे दागिने, पण काय नजाकत! कानात मोठ्या अर्धचंद्राच्या बाळ्या, त्यांना खाली बारीक लोंबतं. चालताना किणकिण वाजायचं म्हणे, बाई दिसायच्या आधी ऐकू यायची. पोवळ्यांच्या माळा तर कितीतरी. लहान मुलांच्या गळ्यात पोवळ्याचं इवलंसं शिंग घालतात, दृष्ट लागू नये म्हणून. आणि लागलीच तर पाण्यात तेलाचे थेंब सोडून काढतात. मी तिला मीठ-मोहरी दाखवली. तिने डबीत भरून घेतली.

तर काम असं. तिच्या आईच्या फोटोत गळ्यात एक पदक आहे, चांदणीसारखं, सगळं तारेच्या जाळीचं. त्याला ते लोक प्रेझेंतोझा म्हणतात. तसं एक मला, तू काम करतेस त्या दागिन्यांच्या दुकानात करून हवं आहे. कुणासाठी, ते विचारू नकोस.

तुझी,
सुमित्राकाकू

•

आयसेलिन, न्यू जर्सी
१५ ऑक्टोबर १९८८

ती. काकू,

नमस्कार. काम कळलं, पण ते कुणाचं ते कळलं नाही.

मी कुमारभाईंना विचारलं. दुकान उघडून अजून वर्षसुद्धा झालेलं नाही, त्यामुळे ते कुठल्याच ऑर्डरला नाही म्हणत नाहीत. आमच्याकडे मागच्या खोलीत प्रल्हादकाका बसतात, मूळचे हुपरीचे, तारकामात तयार. पण इथे त्यांना दिवसभर साखळ्यांचे फासे जोडावे लागतात, म्हणून सतत वैतागलेले असतात. मी तुझ्या पत्रातला मजकूर वाचून दाखवला. म्हणाले, "हा दागिना आहे की आकाशकंदील?" पण खूश झाले. चित्र पाठव म्हणाले, आणि सोनं.

आता खरं सांग. राजीवदादाचं कुठे काही जमलं आहे का? इटालियन मुलगी आहे का? म्हणून तर तू त्या बाईंकडे जाऊन बसत नाहीस? मला आवडेल गं. शैलेंद्र तर म्हणाला, चला, या घरात कुणीतरी पास्ता नीट करील.

तुझी,
नंदा

•

शॉमबर्ग
२४ ऑक्टोबर १९८८

प्रिय नंदा,

राजीवचं कुठेही काहीही जमलेलं नाही. त्याला भाजीवालीशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत, मुलीशी कुठून बोलणार? आणि या पदकाबद्दल त्याच्याजवळ चकार शब्द काढायचा नाही. तुमचे दर रविवारी तास तास फोन चालतात म्हणून बजावते. त्याच्या ऑफिसात एक माणूस आहे, त्याच्या कानावर हे जाता कामा नये. का, ते नंतर सांगेन.

रजिस्टर पोस्टाने घड्याळाची सोन्याची साखळी पाठवते आहे. ती वितळवायची. देणाऱ्याची परवानगी आहे. "आता वेळ बघून कुठे जायचं आहे?" असं म्हणाला.

सोबत चित्र आहे. फोटो मागून आणता येत नाही, तिला संशय येईल, म्हणून आठवून काढलं आहे. माझी चित्रकला तुला ठाऊक आहे. मी गणपती काढला की खाली नाव लिहावं लागायचं. म्हणून लिहूनही देते: कडेने चांदणीची टोकं, आत तारेच्या वेटोळ्यांची गोल जाळी, आणि मधोमध दोन बदाम, एकमेकांना खेटून. बाकी नक्षी इकडची तिकडे झाली तरी चालेल. बदाम मात्र दोनच हवेत.

ख्रिसमसच्या आधी पाहिजे.

काकू

•

आयसेलिन
२७ नोव्हेंबर १९८८

ती. काकू,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. शेवटी शैलेंद्र म्हणाला, सरळ लिही, त्या तुझ्या काकू आहेत, इमिग्रेशन ऑफिसर नाहीत.

पदकाचं काम चालू आहे. प्रल्हादकाका कुणाला हात लावू देत नाहीत. केसासारखी तार ओढून तिची वेटोळी करतात, आणि कुमारभाईंनी साखळी जोडायला दिली की "नंतर" म्हणतात.

पण काकू, ती घड्याळाची साखळी पुरुषाची होती. देणारा "म्हणाला" असं तूच लिहिलंस. मी काही बोलले नाही. मग गेल्या रविवारी राजीवदादाचा फोन आला. तो एकदम हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, "नंदा, आईचं काहीतरी चाललंय यार. एक उंच म्हातारा घरी येतो. मी आलो की दोघं कागद लपवतात. परवा तर कमालच झाली. मी लवकर ड्राइव्ह करून घरी येत होतो, तर आई त्याच्याबरोबर कुणाच्या तरी बॅकयार्डमध्ये खड्डा खणत होती. त्यांनी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब पुरलं आणि वर माती लोटली. आणि दोघं हसत होते."

काकू, खड्ड्यात काय होतं ते मला माहीत नाही. विचारतही नाही. पण बाकीचं मला वाटतं कळलं आहे.

काका गेले त्याला सहा वर्षं झाली. तू सांगलीचं घर सोडून आलीस. दिवसभर एकटी असतेस. तुला कुणाची सोबत मिळाली असेल, आणि पुढचा काही विचार असेल, तर मी तुझ्या बाजूने आहे. राजीवदादाला मी समजावीन. आपल्याकडचे लोक चार दिवस बोलतील. बोलू दे. मी तुझ्याकडे राहून कॉलेज केलं, तेव्हा माझ्या लग्नासाठी तू सगळ्यांशी भांडलीस. आता माझी पाळी.

पदक तुझ्यासाठीच आहे ना?

तुझी,
नंदा

•

शॉमबर्ग
४ डिसेंबर १९८८

नंदे,

तुझं पत्र वाचता वाचता चहा उतू गेला. शेगडी अजून चिकट आहे.

मी? त्या उंच म्हाताऱ्याशी, स्टॅन्लीशी? अगं, तो माणूस कच्चा कांदा सफरचंदासारखा चावून खातो! आणि खड्ड्यात मुडदा नव्हता. फिलोमेनाचं अंजिराचं झाड होतं. इथली थंडी अंजिराला सोसत नाही, म्हणून ही इटालियन मंडळी थंडीच्या आधी झाड एका बाजूने मुळं मोकळी करून आडवं पाडतात, गोधडीत गुंडाळून पुरतात आणि वसंतात पुन्हा उभं करतात. तिचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दोघांनी केलं. राजीवने गाडी थांबवून विचारलं असतं, तर त्यालाही फावडं दिलं असतं.

आता ऐक. पदक फिलोमेनासाठी आहे. स्टॅन्ली पोलंडचा. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कारखान्यातून रिटायर होऊन तो लायब्ररीत आमच्या वर्गाच्या खुर्च्या लावायला येतो. फिलोमेना इंग्रजी शिकते ती त्याच्याशी बोलता यावं म्हणून. तिचाही नवरा गेलेला. त्यांना लग्न करायचं आहे. तिच्या मुलीला, रोझमेरीला, ते मुळीच पसंत नाही. "लोक काय म्हणतील?" म्हणते. मला वाटायचं हे वाक्य फक्त सांगलीत बोलतात! रोझमेरीचा नवरा राजीवच्या ऑफिसात आहे, म्हणून ही सगळी लपवाछपवी; राजीव आला की लपवतो ते कागदही त्यांच्या लग्नाचेच.

प्रेझेंतोझा हे लग्न ठरलेल्या मुलीचं लेणं. सासरकडून येतं. फिलोमेनाच्या आईकडे होतं, मोठ्या बहिणीकडे होतं, आणि हिला मिळालंच नाही. का, ते ती सांगत नाही. फोटो मात्र सारखा काढून बघते. स्टॅन्लीने मला विचारलं, तिला काय देऊ? मी सांगितलं.

झालं समाधान?

आता एक. हसून झाल्यावर मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. मग परत एकदा. मला कुणाशी लग्न करायचं नाही, हे अगदी खरं. पण माझ्या पुढचा काही विचार असू शकतो, असं गेल्या सहा वर्षांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. तुझ्या आलं. पत्र मी पोळ्यांच्या डब्याखाली ठेवलं आहे, राजीव तिथे कधी हात घालत नाही.

पदक लवकर पाठव.

काकू

•

आयसेलिन
१६ डिसेंबर १९८८

ती. काकू,

मला माफ कर, आणि कांद्याबद्दल शैलेंद्रला सांगू नको म्हणून आधी सांगायला हवं होतंस. तो आता प्रत्येक जेवणाला कांदा उचलून "सुमित्रा!" म्हणतो.

पदक पाठवते आहे. प्रल्हादकाकांनी ते डबीत ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. बदाम बघ, म्हणाले, बदामाची सालसुद्धा दिसते. आम्ही सगळे बघून थक्क झालो. कुमारभाईंनी शोकेसमध्ये तासभर ठेवू का विचारलं, तर काका म्हणाले, "हे गिऱ्हाइकाचं आहे, तुमचं नाही."

फिलोमेनाबाईंना माझे नमस्कार. लग्नाची तारीख कळव.

नंदा

•

शॉमबर्ग
२७ डिसेंबर १९८८

नंदा, नंदा, नंदा,

बदामाची साल! अगं, बदाम म्हणजे पत्त्यातला बदाम! माझ्याबरोबर सुट्टीभर बदाम सात खेळलीस ना? दोन बदाम, एकमेकांना खेटून, म्हणजे दोन हृदयं! खायचे बदाम कोण गळ्यात घालतं?

माझीच चूक. कुणासाठी आहे ते लपवलं नसतं, तर तुला आपोआप कळलं असतं. माझ्या चित्रात तर ते बदाम होते की वांगी, हे मलाही आता सांगता यायचं नाही.

डबी आली ती तेवीस तारखेला. चोवीसला दुपारी फिलोमेनाकडे जेवण होतं. मी डबी उघडली. पदक इतकं सुंदर होतं की डोळ्यांत पाणी यावं, आणि मधोमध दोन बदाम, फोडून खावेत असे. स्टॅन्लीला दाखवलं. तो म्हणाला, "ब्यूटिफुल." त्याला बिचाऱ्याला मूळचं कुठे ठाऊक! मी सांगितलं, इथे हृदयं हवी होती. त्याने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "सुमित्रा, माझ्या हृदयाला डॉक्टरने आधीच नावं ठेवली आहेत. हे जास्त टिकेल."

मला रात्रभर चैन पडली नाही. बाईने जन्मभर ज्या गोष्टीची वाट बघितली, ती मी बिघडवली, हेच डोक्यात.

जेवणात माशांचे इतके प्रकार होते की मी फक्त पाव आणि ऑलिव्ह खात बसले. शेवटी स्टॅन्लीने डबी पुढे केली. फिलोमेनाने उघडली. बोटाने टोकं चाचपली. मग ते दोन बदाम. आणि ती रडायलाच लागली. मी खुर्चीतून अर्धी उठले, सगळं सांगून टाकायला.

तर ती म्हणाली, "कॉन्फेत्ती!"

नंदा, तिच्या भागात लग्नाला साखरेत घोळवलेले बदाम वाटतात. नवरानवरी चर्चमधून बाहेर आली की लोक त्यांच्यावर मूठ मूठ उधळतात. जवळच्या गावाची त्यासाठी ख्याती आहे. तिच्या आईच्या पदकात दोन हृदयं होती, पण तिला वाटलं स्टॅन्लीने मुद्दाम विचार करून तिच्यासाठी लग्नाचे बदाम घडवून घेतले. "स्टॅन्ली, तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. स्टॅन्लीने माझ्याकडे बघितलं. मी पाव तोंडात घातला.

त्याने तिच्या गळ्यात पदक बांधलं. त्याची बोटं मोठी, फासा काही लागेना. शेवटी मी लावला.

लग्न चार फेब्रुवारीला आहे. रोझमेरी येणार नाही म्हणते.

प्रल्हादकाकांना सांग, काम अगदी बरोबर झालं. दुसरं काही सांगू नकोस.

काकू

•

आयसेलिन
१२ जानेवारी १९८९

ती. काकू,

मी दुकानात मोठ्याने हसले, मग गिऱ्हाइकाची माफी मागितली. प्रल्हादकाकांना निरोप दिला. ते म्हणाले, "बरोबर होणारच. बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं." मी मान हलवली.

पण रोझमेरीचं काय? आई लग्नाला उभी राहणार आणि मुलगी नाही, हे कसं बघवेल त्यांना? माझ्या लग्नात आईबाबा शेवटच्या क्षणापर्यंत येणार नव्हते, तेव्हा तू आमच्या घरी जाऊन बसली होतीस. काय बोललीस ते मला कधीच सांगितलं नाहीस. तेच इथे बोल ना.

नंदा

•

शॉमबर्ग
६ फेब्रुवारी १९८९

प्रिय नंदा,

तुझ्या घरी मी काहीही बोलले नव्हते. नुसती बसले होते, आणि तुझी आई स्वतःच बोलत गेली. इथेही तेच झालं.

लग्नाच्या आठवड्यात फिलोमेना म्हणाली, माझ्याबरोबर रोझमेरीकडे चल. मी गेले. रोझमेरीने कॉफी दिली आणि सिंकपाशी पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "मा, पापांना जाऊन किती दिवस झाले? या वयात चर्चमध्ये नवरी म्हणून उभी राहणार? लोक हसतील."

फिलोमेनाने ओव्हरकोट काढलाच नव्हता. तिने आतलं पदक बाहेर काढलं आणि टेबलावर झुकून, मलाही कळावं म्हणून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "रोझमेरी, माझ्या लग्नात तुझा बाप नव्हता."

"नव्हता म्हणजे?"

"तो इथे शिकागोत विटा रचत होता. मी गावात. कागद पाठवून लग्न लागलं. चर्चमध्ये माझ्या शेजारी त्याचा भाऊ उभा होता, आणि तोसुद्धा घाईत, मेंढरं बाहेर होती म्हणून. सासू नव्हती, प्रेझेंतोझा कोण देणार? तुझ्या बापाला मी पहिल्यांदा पाहिलं ते बंदरावर, हातात त्याचा फोटो धरून. फोटोपेक्षा बुटका निघाला."

रोझमेरी वळली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तो चांगला माणूस होता. तक्रार काय करायची? पण मला एकदा, नवरा शेजारी उभा आहे असं लग्न करायचं आहे."

मी कॉफीच्या कपात बघत बसले. आपल्याकडे जुन्या काळी सरदार लोक तलवार पाठवून लग्न लावायचे, ते आठवलं, पण बोलले नाही. रोझमेरी बराच वेळ नळ पुसत राहिली. नळ कोरडा होता. मग म्हणाली, "काय घालणार आहेस? तो तपकिरी कोट नाही घालायचा, मा." मी समजले, ती येणार.

शनिवारी कडाक्याची थंडी होती. राजीवने सुट्टी असून दाढी केली आणि आम्हाला गाडीतून नेलं. फिलोमेनाचा निळा ड्रेस रोझमेरीने घेतलेला. कानात आईच्या बाळ्या, गळ्यात बोरमाळ, तिच्याखाली पोवळी, आणि सगळ्यांच्या खाली ते पदक. खरंच, ती आत येण्याआधी आम्हाला ऐकू आली. स्टॅन्ली पुढे उभा होता, भिंतीसारखा सरळ. ती त्याच्याजवळ पोचली आणि आधी बाजूला मान वळवून नीट बघून घेतलं, आहे ना म्हणून. लोक हसले. ज्या हसण्याला रोझमेरी घाबरत होती, ते हे नव्हतं.

बाहेर रोझमेरीच्या नवऱ्याने साखरेचे बदाम उधळले. एक माझ्या कपाळाला लागला, चांगलं टेंगूळ आलं आहे.

त्याआधी आत एक झालं, ते सांगायचं राहिलं. त्यांच्यात लग्नाला दोन साक्षीदार लागतात. एक रोझमेरी. दुसऱ्याचं विचारल्यावर फिलोमेनाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी फादरांना म्हटलं, मी तुमच्या धर्माची नाही. ते म्हणाले, "तुम्ही पाहिलंत ना? मग झालं." मोठी वही होती. मी पेन घेतलं आणि न ठरवता मराठीत लिहायला लागले. सुमित्रा प्रभाकर देवधर. फादरांनी वही जरा तिरकी करून बघितली. "हे इंग्रजीत…" म्हणाले. फिलोमेना मागून म्हणाली, "फादर, ती इथे होती. तिचं नाव तिला येतं तसंच राहू दे." संबंध वाक्य, इंग्रजीत, एकही चूक नाही. वर्गातल्या बाईंनी ऐकायला हवं होतं.

या देशात आल्यापासून मी कितीतरी कागदांवर सह्या केल्या, पण सगळीकडे मी कुणाची तरी कुणीतरी होते. राजीवची आई, राजीववर अवलंबून. इथे मी नुसती तिथे होते आणि मी पाहिलं, एवढ्यासाठी माझं नाव हवं होतं. नावावरची आडवी रेघ मी अगदी सावकाश ओढली. मागे फोटोवाला खोळंबला होता. म्हटलं, खोळंबू दे.

तुझी,
सुमित्राकाकू